पाटीवरचा पहारेकरी



माथेरानला मोटारीने जाणाऱ्या प्रत्येक माणसाला दस्तुरी नाक्यावर खाली उतरावे लागते. मोटार कोणाची, तिची किंमत किती, मालकाचा हुद्दा काय, ह्याची तेथे कोणी चौकशी करीत नाही. रुग्णवाहिकेसारखा एखादा अपवाद सोडला, तर मोटार गावात जायची नाही, असा नियम आहे. त्यामुळे नाक्यापर्यंत मोठ्या ऐटीत आलेले शेटजी आणि नेरळहून टॅक्सीत मांडीला मांडी लावून आलेला कारकून, दोघेही त्याच तांबड्या मातीत पाय ठेवतात आणि मग ज्याचे पाय धड तो पुढे निघतो. शेटजींच्या कपाळावरची आठी आणि कारकुनाच्या ओठांवरचे हसू ही दोन्ही एकाच वेळी पाहावयाची असतील, तर त्या नाक्यासारखी जागा नाही.

आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, तो वरवर पाहता वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभणारा नाही. विषय आहे तुरुंगातल्या कैद्यांचा फुटबॉलचा संघ आणि त्याच्या विरुद्ध उभा राहिलेला पहारेकऱ्यांचा संघ. हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आलेले मला येथून दिसते आहे. ते यावयासच हवे. परंतु हे हसू आणि दस्तुरी नाक्यावरचे त्या कारकुनाचे हसू ही दोन्ही एकाच जातीची आहेत, आणि ती जात जितकी हलकी वाटते तितकी हलकी नाही, एवढे दाखवण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम गंमतीकडे वळू. कैदी आणि पहारेकरी ह्यांचा सामना ही कल्पना चित्रपटवाल्यांना फार प्रिय आहे. १९७४ साली रॉबर्ट ऑल्ड्रिच ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘द लाँगेस्ट यार्ड’ हा चित्रपट काढला. तुरुंगाच्या अधीक्षकाला आपल्या पहारेकऱ्यांच्या संघाचा कोण अभिमान! त्या संघाला हात साफ करून घेण्यासाठी एक हमखास हरणारा प्रतिस्पर्धी हवा. योगायोगाने एकेकाळचा नामांकित खेळाडू कैदी म्हणून तेथे येतो, आणि त्याच्या गळ्यात कैद्यांचा संघ उभा करण्याचे लोढणे पडते. त्यातला खेळ अमेरिकन पद्धतीचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा होता. २००१ साली इंग्रजांनी ‘मीन मशीन’ ह्या चित्रपटात तीच कथा आपल्या पायांच्या फुटबॉलवर बसवली. त्यात नायकाचे काम करणारा विनी जोन्स हा खरोखरीचा धंदेवाईक फुटबॉलपटू होता, आणि तोही दांडगाईबद्दल नाव कमावलेला!

असल्या कथेतला संघ कसा असतो, ते आपण डोळ्यांपुढे आणू शकता. कोणी नुसताच धिप्पाड, कोणी नुसताच चपळ, कोणाला खेळाचे नियम ठाऊक नाहीत, आणि कोणाला नियम ह्या वस्तूचेच वावडे. नाहीतर तो तेथे आलाच नसता. हा सगळा लवाजमा पाहून प्रेक्षक हसतात. पण चित्रपटगृहात खरा हशा पिकतो तो निराळ्या क्षणी. सामन्याची बातमी बराकीत येते, कैदी नाके मुरडतात, कोणी नाव द्यावयास पुढे येत नाही. मग एकाच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडतो. खेळात अंगाला अंग भिडते. म्हणजे ज्या पहारेकऱ्याने आपल्याला वर्षानुवर्षे धक्के मारले, त्याला चारचौघांदेखत, पंचाच्या समक्ष, नियमात बसणारा एक धक्का आपल्यालाही देता येईल! एवढे कळल्यावर नावे देणाऱ्यांची रीघ लागते.

हा विनोद कोठून येतो, हे पाहिले पाहिजे. कैद्याला मारामारीची हौस आहे म्हणून तो येत नाही. मारामारी तुरुंगात रोजचीच असते. विनोद आहे तो ‘नियमात बसणारा’ ह्या दोन शब्दांत. तुरुंगात नियमांना तोटा नाही. उठण्याचा नियम, जेवण्याचा नियम, पत्र लिहिण्याचा नियम. पण ते सगळे नियम एकाच दिशेने वाहतात. पहारेकरी नियम सांगतो आणि कैदी पाळतो. नियम मोडला की नाही हे पहारेकरीच ठरवतो. फिर्यादी तो, साक्षीदार तो, आणि पुष्कळदा न्यायाधीशही तोच. मैदानावर मात्र एक तिसराच माणूस शिट्टी घेऊन उभा असतो, आणि त्याच्यापुढे दोघांनाही मान तुकवावी लागते. पहारेकऱ्याचा गणवेश, त्याची काठी, किल्ल्यांचा जुडगा हे सगळे कुंपणाबाहेर ठेवून तो अर्ध्या चड्डीत मैदानावर येतो. दस्तुरी नाक्यावर मोटारीतून उतरलेले शेटजी ते हेच.

हे आपल्याला नवे नाही. आपल्याकडे आट्यापाट्या हा जो खेळ आहे, त्याचा सगळा डाव मुळी पहारेकरी आणि पळणारे ह्यांचाच आहे. एक बाजू पाट्या अडवते, दुसरी बाजू त्या चुकवून पार जाते आणि परत येते. मधल्या उभ्या पाटीवर ‘सूर’ असतो. तो मागेपुढे धावून सगळ्यांना हैराण करतो. लहानपणी चांदण्या रात्री हा खेळ ज्यांनी खेळला असेल, त्यांना दोन गोष्टी आठवत असतील. पहिली ही, की अडवणाऱ्याला आपली पाटी सोडता येत नाही. त्याने कितीही हात लांब केले तरी पाय पाटीवरच हवा. पाटी सोडून मारलेला गडी मेला असे कोणी मानीत नाही. उलट, सगळी पोरे एका सुरात ओरडतात, “पाटी सोडलीस!” दुसरी गोष्ट ही, की डाव पालटतो. आत्ता जो अडवतो आहे, तो थोड्या वेळाने पळणारा होणार आहे. ही दुसरी गोष्ट डोक्यात असली म्हणजे पहिली पाळणे सोपे जाते.

पहारेकऱ्याची पाटी ठरलेली असावी आणि डाव पालटण्याची शक्यता असावी, ही दोन कलमे एवढी साधी आहेत की पोरांनी ती कोणत्याही ग्रंथावाचून शोधून काढली. सत्तेला मात्र ती फार अवघड जातात. आजच्या आपल्या गोष्टीचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगणार आहे ती त्याची उदाहरणे.

पहिले उदाहरण आपल्या पारतंत्र्याच्या काळातले घेऊ. फुटबॉल हा खेळ हिंदुस्थानात आला तो मुख्यतः गोऱ्या पलटणींबरोबर. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले. पहिल्या वर्षी तो चषक वूस्टरशायर पलटणीने जिंकला, आणि पुढे कितीतरी वर्षे एक पलटण दुसऱ्या पलटणीकडून तो घेत राहिली. देशाच्या नाक्यानाक्यावर जे बंदूक घेऊन उभे होते, तेच मैदानावरही होते. अशा काळात २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक अशा गोलांनी पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. समोरच्यांच्या पायांत बूट होते. ह्याच संघाने १९२३ साली मुंबईत येऊन रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथे मात्र डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्याला हरवले. भारतीय संघाने रोव्हर्स चषक प्रथम जिंकला तो १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स ह्या संघाने.

ह्या विजयाने इंग्रजी राज्य एक दिवसही लवकर गेले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मोहन बागानचा सामना संपल्यावर पलटण आपल्या छावणीत गेली आणि दुसऱ्या दिवशी पहारा होता तसाच चालू राहिला. पण प्रेक्षकांत उभ्या असलेल्या हजारो माणसांनी एक गोष्ट पाहिली. गोऱ्या शिपायाने नियमाबाहेर पाय टाकला की शिट्टी वाजते, आणि त्याला थांबावे लागते. रस्त्यावर ती शिट्टी कधी वाजत नव्हती. ती रस्त्यावरही का वाजू नये, हा प्रश्न घेऊन माणसे घरी गेली असतील, तर त्या अनवाणी पायांनी पुष्कळ साधले.

दुसरे उदाहरण युद्धकैद्यांचे. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांशी इंग्रजांचे जे युद्ध १८९९ ते १९०२ ह्या काळात झाले, त्यातल्या हजारो कैद्यांना समुद्रापार धाडण्यात आले. काही आपल्या अहमदनगरला आणि साताऱ्यालाही आले. काही सिंहलद्वीपात दियतलावा येथील छावणीत गेले. दियतलावाच्या कैद्यांनी क्रिकेटचा एक संघ बांधला, आणि जुलै १९०१ मध्ये तो संघ कोलंबोला येऊन तेथील कोल्ट्स क्लबशी खेळला. खेळ इंग्रजांचा, तुरुंग इंग्रजांचा, आणि खेळणारे इंग्रजांचे शत्रू! बोअर तो सामना हरले. परंतु कैदी म्हणून ज्यांची नोंद नुसत्या आकड्यांत होत होती, त्यांच्या नावापुढे त्या दिवशी धावा मांडल्या गेल्या. हरलेल्या माणसाचेही नाव धावफलकावर राहते, हा खेळाचा मोठेपणा आहे. तुरुंगाच्या नोंदवहीला तो साधत नाही.

येथवर गोष्ट गोड चालली आहे. आता तिची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर खेळाने सगळे भले होते असा भाबडा समज करून आपण घरी जाल, आणि त्याचा दोष माझ्याकडे येईल.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनांनी युक्रेनमधील कीव शहर घेतले. तेथील डायनॅमो आणि लोकोमोटिव्ह ह्या नामांकित संघांतले काही खेळाडू एका पावाच्या कारखान्यात मजुरी करून दिवस काढीत होते. त्यांनी ‘स्टार्ट’ नावाचा संघ केला. अर्धपोटी राहणाऱ्या ह्या संघाने १९४२ च्या उन्हाळ्यात एकामागून एक सामने जिंकले. जर्मन विमानविरोधी तोफखान्याचा ‘फ्लाकेल्फ’ हा संघ होता. त्याचा ६ ऑगस्टला पाच-एक असा पराभव केला. तोफखान्याला तो झोंबला. ९ ऑगस्टला पुन्हा सामना ठरला, आणि तोही स्टार्टने पाच-तीन असा जिंकला.

युद्धानंतर ह्या सामन्याची एक आख्यायिका झाली. ‘हरा, नाहीतर मरा’ अशी धमकी खेळाडूंना आधी मिळाली होती. ते जिंकले, आणि त्याच पोशाखात त्यांना मैदानाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या, असे सांगत. सोव्हिएत काळात ही कथा पुस्तकांत गेली, पुतळ्यांत गेली. हंगेरीच्या झोल्तान फाब्री ह्या दिग्दर्शकाने १९६१ साली मजूर-छावणीतले बंदी आणि त्यांचे जर्मन रखवालदार ह्यांच्या सामन्यावर एक चित्रपट काढला. त्यात हिटलरच्या वाढदिवसाला सामना होतो आणि शेवट गोळ्यांनी होतो. १९८१ साली जॉन ह्यूस्टनने त्याच वळणावर ‘एस्केप टु व्हिक्टरी’ केला आणि त्यात खुद्द पेलेला खेळवले. तेथे मात्र शेवट गोड झाला.

खरे काय घडले, ते अलीकडच्या संशोधकांनी शोधले आहे. सामना संपल्यावर कोणाला मैदानावर मारले नाही. उलट, आठवड्याने स्टार्टने आणखी एक सामना खेळून तोही जिंकला. त्यानंतर मात्र कारखान्यात येऊन गेस्टापोने खेळाडूंना पकडले. एकाचा छळात अंत झाला. बाकीच्यांपैकी कित्येकांना सिरेत्सच्या छावणीत डांबले, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये तेथे तिघांना गोळ्या घातल्या. गोलरक्षक निकोलाय त्रुसेविच त्यांत होता. त्या सामन्यामुळेच त्यांना मारले, असा पुरावा मिळाला नाही. हॅम्बुर्गच्या सरकारी वकिलांनी ह्या प्रकरणाची चौकशी २००५ साली बंद केली, ती ह्याच कारणाने.

मला विचाराल तर आख्यायिकेपेक्षा हे सत्य अधिक भयंकर आहे. आख्यायिकेत निदान एक हिशेब आहे. जिंकलात, म्हणून मारले. क्रूर असला तरी तो एक नियमच झाला. प्रत्यक्षात कसलाच हिशेब नव्हता. जिंकलात तरी मारू, हरलात तरी मारू, मनात आले तर सोडूनही देऊ. मैदानावर दीड तास जर्मन तोफखाना पाटीवर उभा राहिला. त्याने पाच गोल निमूटपणे मोजून घेतले. मैदानाबाहेर पाऊल पडताच त्याला पाटी उरली नाही. शिट्टी मैदानापुरतीच असली, तर खेळ हा फक्त एक विसावा ठरतो, हे कीवचे उदाहरण सांगते.

मग मैदानाबाहेर शिट्टी कशी न्यावी? ह्याचे उत्तर ज्यांनी शोधले, ते कैदीच होते. आणि मला ठाऊक असलेल्या तुरुंगांतल्या खेळांच्या कथांमध्ये ही कथा सर्वांत विलक्षण आहे. केप टाउनसमोर समुद्रात रॉबेन नावाचे बेट आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने १९६० नंतरच्या दशकांत तेथे राजकीय कैदी ठेवले. दिवसभर खाणीत दगड फोडणे, अपुरे अन्न, थंडी, आणि गोऱ्या पहारेकऱ्यांचा मार. ह्या कैद्यांनी १९६४ च्या सुमारास एक मागणी लावून धरली. आम्हाला फुटबॉल खेळू द्या! आठवड्यामागून आठवडा कोणीतरी पुढे होऊन ही मागणी करी, आणि मागणी करणाऱ्याचे जेवण तोडले जाई. पुढच्या आठवड्यात दुसरा पुढे होई. जेवणापेक्षा चेंडू मोठा मानणारी ही माणसे पाहून पहारेकऱ्यांनी कपाळाला हात लावला असेल. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे लोक तुरुंग पाहावयास येत, त्यांच्याही कानांवर मागणी गेली. अखेर डिसेंबर १९६७ मध्ये शनिवारी अर्धा तास खेळण्याची परवानगी मिळाली.

इतके झाल्यावर कोणीही चेंडूमागे धावत सुटले असते. ह्या लोकांनी आधी घटना लिहिली! तुरुंगाच्या ग्रंथालयात फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे एक पुस्तक होते, ते प्रमाण मानले. ‘मकाना फुटबॉल असोसिएशन’ स्थापन केली. मकाना हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांशी लढलेला खोसा लोकांचा पुढारी. त्याच बेटावर कैद भोगताना पळून जाण्याच्या प्रयत्नात तो समुद्रात बुडाला. क्लब झाले, त्यांच्या तीन श्रेण्या झाल्या, पंच शिकवून तयार केले, तक्रारी ऐकावयास समिती नेमली. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या जाळ्यांचे तुकडे जोडून गोलाला जाळी लावली. पुढे दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेकब झुमा तेथे रेंजर्स संघाचे कप्तान होते आणि पंचही होते. असोसिएशनचे एक अध्यक्ष दिकगांग मोसेनेके पुढे त्या देशाचे उपसरन्यायाधीश झाले. एका कोठडीतून शेजारच्या कोठडीला क्लबाच्या चिटणिसाची रीतसर पत्रे जात. मजकूर असे की, आपल्या खेळाडूचे वर्तन खेळास न शोभणारे होते, तरी खुलासा व्हावा! अंगावर कैद्याचे कपडे, हातांना दगडांनी पडलेले घट्टे, आणि पत्राची भाषा एखाद्या नगरपालिकेच्या चिटणिसाला लाजवणारी.

आणि येथे तो विनोदही आहे, ज्याची आपण मघापासून वाट पाहत आहात. १९७० साली निरनिराळ्या क्लबांतल्या नामी खेळाडूंनी ‘अटलांटिक रेडर्स’ नावाचा एक दांडगा संघ बांधला. त्यांचा सामना पडला ‘ब्लू रॉक्स’शी, म्हणजे ज्यांना कोणी खिजगणतीत धरीत नव्हते अशांशी. दुबळ्यांनी एक गोल केला. तो नियमबाह्य होता अशी दांडग्यांची हरकत; पंचाने ती मानली नाही, आणि दांडगे हरले. मग त्यांनी काय करावे? निषेध म्हणून ते मैदानावर आडवे पडले! पुढे कित्येक महिने हे प्रकरण अर्ज, प्रतिअर्ज, सुनावणी आणि अपील ह्यांत चालले. जन्मठेपेचे कैदीही एका गोलासाठी एवढा काथ्याकूट करीत होते. वेळ पुष्कळ होता, असे कोणी म्हणेल. मी असे म्हणेन की ज्यांना बाहेरच्या कोर्टात न्याय मिळाला नव्हता, त्यांनी आतल्या आत एक कोर्ट उघडून ते इमानाने चालवले. वर्णद्वेषी सरकारच्या दोन कट्टर विरोधी पक्षांची माणसे, जी बराकीत एकमेकांशी धड बोलत नसत, ती ह्या कोर्टापुढे एकत्र आली.

पहारेकऱ्यांशी त्यांचा सामना झाला नाही. पण एका अर्थाने तो रोजच चालू होता. नेल्सन मंडेला आणि त्यांचे निवडक सहकारी निराळ्या विभागात कोंडलेले होते. आपल्या गुजराती भाषिकांपैकी एका कुटुंबात जन्मलेले अहमद कथ्रडा त्यांत होते. त्यांना खेळता येत नव्हते. ते खिडकीतून सामने पाहत. अधिकाऱ्यांच्या हे ध्यानात आले, तेव्हा त्यांनी मध्ये भिंत घातली. एका बाजूला नियमांचे पुस्तक पाठ करणारे कैदी, आणि दुसऱ्या बाजूला कोणी खेळ पाहू नये म्हणून भिंत बांधणारे राज्य. ह्यांतला कोणता संघ पाटी सोडून खेळत होता, हे सांगावयास पंचाची जरुरी नाही. १८ जुलै २००७ रोजी, मंडेलांच्या ८९ व्या वाढदिवशी, जागतिक फुटबॉल महासंघाने मकाना असोसिएशनला सन्माननीय सदस्यत्व दिले. असोसिएशनच्या कागदपत्रांची खोकी केपच्या विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. जगात सामन्यांची दप्तरे पुष्कळ असतील. पण ज्यांना कागदाचा तुकडाही मोजून मिळे, त्यांनी राखलेले असे दप्तर विरळा.

आता आपण आपल्या महाराष्ट्रात परत येऊ. कारण पहारेकऱ्याला पाटीवर आणण्याचा एक प्रयोग आपल्याकडे त्याही आधी झाला, आणि तो पहारेकऱ्यांच्या बाजूने झाला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभारली. ह्या कल्पनेमागे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले गांधीवादी गृहस्थ होते. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तेथे भिंतीवाचून, बेड्यांवाचून शेती करीत राहू लागली; बायकामुलेही बरोबर. पळून जाण्याला अडथळा कसला? तर दिलेल्या शब्दाचा. व्ही. शांताराम ह्यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या १९५७ सालच्या चित्रपटाचे बीज ह्या वसाहतीत आहे. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे त्याच मुलखात वाढलेल्या लेखकाची. त्या चित्रपटातला जेलर सहा खुनी माणसांना घेऊन माळरानावर जातो, आणि हातातली सत्ता खाली ठेवतो. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

आणि अगदी अलीकडची गोष्ट येरवड्याची. गांधीजींना ज्या तुरुंगाने अनेकदा कोंडले, त्याच येरवड्याच्या कैद्यांचा संघ २०२३ साली कैद्यांच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत उतरला आणि सुवर्णपदक घेऊन आला. बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंना सोळाच मोहरी मिळतात, राजाच्या बाजूने खेळा की कैद्याच्या. ही बातमी वर्तमानपत्रांत कोठेतरी कोपऱ्यात येऊन गेली. माझ्या मते ती पहिल्या पानावर शोभली असती.

ह्यावर कोणी म्हणेल, “हे सर्व ठीक. पण ज्यांनी गुन्हा केला, त्यांच्या खेळाचे एवढे कौतुक कशाला?” प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देता येणार नाही. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याला खुनी माणसाच्या पदकाचे अप्रूप वाटावे, असे मी म्हणत नाही. पण एक आकडा सांगतो. २०२२ सालच्या अखेरीस आपल्या देशातल्या तुरुंगांत जी माणसे होती, त्यांतल्या दर चारांपैकी सुमारे तिघांचा खटला अजून संपलेला नव्हता. म्हणजे डाव चालू आहे, पंचाने निर्णय दिलेला नाही, आणि तरी गडी बाद होऊन बाहेर बसलेला आहे! आट्यापाट्यांत असे झाले असते, तर पोरांनी डाव मोडला असता. ह्या माणसांच्या बाबतीत पहारेकऱ्याने पाटी धरून राहावे ही मेहेरबानी नव्हे; ते आपले सर्वांचे कर्तव्य आहे.

शेवटी आपल्याच गावचे एक नाव घेतो; ते घेतल्यावाचून ह्या भागात पहाऱ्याविषयी बोलणे अपुरे राहील. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका न्हाव्याच्या घरी जन्मले. शिकून वकील झाले. माथेरानच्या नगरपालिकेत काम केले. आसपासच्या शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी शाळा काढल्या, धान्यकोठ्या चालवल्या. कोतवाल म्हणजे पहारेकरी. आडनावच पहाऱ्याचे, आणि धंदा कायद्याचा. नियमाने खेळावे, पंचापुढे बाजू मांडावी, असे ज्याचे सारे शिक्षण, तो हा माणूस. १९४२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने देशाचे सगळे पुढारी विनाचौकशी उचलून तुरुंगात घातले, तेव्हा पंच उरलाच नाही. कोतवालांनी वकिली सोडली, आझाद दस्ता उभा केला, आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे ह्या डोंगरदऱ्यांत एकामागून एक कोसळू लागले. मूठभर माणसे, हातांत करवती आणि पाने, आणि समोर साम्राज्याचे पोलीस. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. कोतवालांनी तिसावे वर्ष नुकतेच पुरे केले होते.

मघाच्या हसण्यातून मी आपल्याला येथे आणले, ह्याबद्दल क्षमा करा. परंतु हा रस्ता सरळ आहे. कैदी मैदानावर पहारेकऱ्याला नियमात बसणारा धक्का देतो आणि आपण हसतो, ते ह्यासाठी की निदान तेवढा वेळ कोणीतरी तिसरा शिट्टी घेऊन उभा आहे. ती शिट्टी जेथे काढून घेतली जाते, तेथे कीवचा गोलरक्षक मरतो, आणि तेथेच माथेरानचा वकील कायद्याची पुस्तके मिटून रानात जातो. आज पहारेकरी आपले आहेत, पाट्याही आपणच आखल्या आहेत. ज्याचा पाय पाटीबाहेर पडेल त्याला, तो कितीही मोठा असो, “पाटी सोडलीस!” असे ओरडून सांगण्याचा लहान पोरांचा हक्क तेवढा आपण मोठेपणी विसरू नये.